नळवाल्याची लेक आणि तहानलेली झाडं

ज्या घराने लोकांच्या मोरीत पाणी पोचवता पोचवता हाडं झिजवली, त्याच घरातली लेक झाडांचं पाणी तोडून नाव कमावेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. पण तसं झालं खरं. खोटं वाटत असेल तर गल्लीत कुणालाही विचारा. नाहीतर तिच्या थोरल्या भावाला विचारा. तो न विचारताही सांगतो.

घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी पोरगी एका जागी बसेल तर शपथ. एक घास ओट्यापाशी, दुसरा दारात, तिसरा जिन्यावर. आई म्हणायची, "हिला खिळा ठोकून बसवायला पाहिजे." आणि हीच भिंगरी मोठी होऊन काय करते, तर विद्यापीठाच्या मागच्या काचघरात स्टुलावर बसून टोमॅटोची रोपं कोमेजायची वाट बघते. तासन् तास. हूं नाही की चूं नाही. एवढा धीर तिने कुठून आणला, कुणास ठाऊक. भाऊ म्हणतो, माझ्याकडून उचलला. आई यावर नुसती भांडी आपटते.

बाबा म्हणजे नळवाले. अख्खा भाग त्यांना त्याच नावाने ओळखायचा. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत पाने, पक्कड, वायसरांची डबी, कानावर पेन्सिल. ठिबकणारा नळ दिसला की बाबांचं पाऊल पुढे पडायचं नाही. एकदा कुणी वारलं म्हणून एका घरी भेटायला गेले, आणि मोरीतून टप् टप् ऐकून उठले ते वायसर बदलूनच परत येऊन बसले. बाहेर आल्यावर आईने कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "अगं, रडणाऱ्यांना तेवढं शांतपणे रडता येईल." गळका नळ म्हणजे आजारी आणि कोरडा नळ म्हणजे मेलेला, असं त्यांचं साधं गणित. आजाऱ्याला औषध द्यायचं, पण मेलेल्याला उठवायचं म्हणजे खरी कारागिरी.

मग त्या हातांना काहीतरी झालं. बोटांची पेरं सुजली. सकाळी मूठ वळेना. शर्टाची बटणं आईला लावून द्यावी लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "शरीराने राखणीला जे शिपाई ठेवलेत ना, तेच बिथरलेत. चोर नसतानाही घरच्यांवर लाठ्या चालवतायत. ही सूज त्याचीच." गोळ्या दिल्या, पथ्य दिलं आणि जाता जाता म्हणाले, आता पाना धरायचं विसरा. बाबांनी घरी येऊन पिशवी दादाच्या, म्हणजे थोरल्याच्या हातात दिली. सगळी दिली, फक्त एक लहान पाना विजारीच्या खिशात राहिला.

"तो कशाला?" दादाने विचारलं.

"असू दे. खिशाला सवय आहे."

दादा दहावीच्या दारापर्यंत जाऊन परत आलेला माणूस. पण पाइपावर टिचकी मारून आत काय अडकलंय ते सांगणार, आणि ते खरं निघणार. त्याची अक्कल पाइपात आणि जीव बहिणीत. भिंगरीला विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली त्या दिवशी त्याने जिथे जिथे काम केलं तिथे तिथे ते सांगितलं. जिथे काम नव्हतं तिथे "नळ बघून जातो" म्हणून शिरला आणि सांगितलं. "आमच्या घरात आता झाडांची डॉक्टर आहे," म्हणायचा. ती अजून डॉक्टर झालेली नव्हती. पण दादाच्या तोंडून बातमी नेहमी थोडी आधीच निघते. आता पाणीसुद्धा नळ उघडला की लगेच येत नाही, आधी हवा येते, तसंच समजा.

एकदा जेवताना भिंगरीने घरच्यांना आपलं काम समजावून सांगितलं.

"म्हणजे तू झाडांना पाण्यावाचून मारतेस," बाबा म्हणाले.

"मारत नाही बाबा. तहानलेली ठेवते."

"नळवाल्याच्या घरात जन्म घेऊन."

"ऐका तरी. ऊन वाढलं, पाणी आटलं, तर आपण उठून सावलीत जाऊ. झाड कुठे जाणार? त्याला उठता येत नाही, ओरडता येत नाही. मग ते आतल्या आत एक रसायन बनवतं. खास संकटाच्या वेळचं. ते पानापानाला निरोप देतं, की तोंडं मिटा, आहे तेवढं पाणी धरून ठेवा, गडबड करू नका."

"पानांना तोंडं असतात?" आईने विचारलं.

"बारीक असतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग तुझ्यासारखी नाहीत," दादा म्हणाला. "तुझं तर गल्लीच्या टोकावरूनही दिसतं."

भिंगरीने त्याच्या ताटातलं उचलून खाल्लं आणि पुढे सांगायला लागली. त्या रसायनाला ॲब्सिसिक ॲसिड म्हणतात. झाडाचं संकटातलं संप्रेरक. आणि गंमत अशी की ते माणसाच्या रक्तातही थोडंसं सापडतं. काही प्रयोगांत दिसलंय की बिथरलेल्या पेशींना ते जरा शांत करतं, सूज उतरवायला हातभार लावतं. काही प्रयोगांत नेमकं उलटंही दिसलंय. म्हणूनच तर तपासायचं. तहानलेल्या रोपांच्या पानांचा अर्क काढायचा, तो चिडलेल्या पेशींवर घालायचा आणि बघायचं, त्या गप्प बसतात का.

"म्हणजे झाड स्वतःला जे समजावतं, तेच आपल्या शिपायांना समजावता येईल का," बाबा म्हणाले.

"असंच काहीतरी."

बाबांनी मान डोलावली. आपल्या बोटांकडे त्यांनी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे भिंगरीला दिसलं. त्या दिवसापासून काचघरात बसताना ती पेशींचा विचार करायची आणि मध्येच तिला शर्टाची बटणं आठवायची.

दादाने अर्थातच ही बातमीही वेळेआधी सोडली. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई गुडघा धरून जिना उतरल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, ती तुझी पानं दे बाई थोडी. वाटून लावायची की उकळून प्यायची?"

"मावशी, ते औषध नाही हो. अजून नुसतं तपासतोय. तेही काचेच्या बशीतल्या पेशींवर."

"तुझा दादा तर म्हणाला, औषध निघालं."

शिंपीणबाई गेल्यावर भिंगरीने दादाला धारेवर धरलं. "लोकांना खोटी आशा लावतोस? अरे, ते अजून बशीत आहे. बशीतून माणसाच्या अंगात जायला किती वर्षं लागतील, जाईल की नाही, काही सांगता येत नाही."

"बरं, बशीत तर बशीत," दादा म्हणाला. "गरम चहासुद्धा आधी बशीतच ओततात. निवला की पोटात जातो."

ती हसली. पण तिची खरी काळजी शिंपीणबाईंची नव्हतीच.

झालं होतं असं. प्रयोगशाळेच्या मॅडम, म्हणजे भिंगरीच्या गुरू, निवृत्तीला आल्या होत्या. हे काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे ठरवायला विद्यापीठाची समिती बसणार होती. समितीला दाखवायला एक धड निकाल हवा होता. आधीचे दोन प्रयत्न फुकट गेले होते. एकदा रोपांना कीड लागली, एकदा पेशीच मेल्या. आता समोरच्या रस्त्यापलीकडच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेने शेवटच्या वेळी पेशी वाढवून द्यायचं कबूल केलं होतं, तेही एका ठरलेल्या सकाळसाठी. त्या सकाळी भिंगरीच्या हातात तहानलेली पानं असली तर असली. नसली तर समितीपुढे रिकाम्या हाताने उभं राहायचं, काम बंद, जागा बंद. मॅडम स्वभावाने गोड, पण त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. "या वेळी झालं नाही तर माझ्या हातात काही नाही गं," म्हणाल्या होत्या.

म्हणून भिंगरीने यंदा जिवापाड काळजी घेतली होती. काचघरात ट्रेच्या दोन रांगा. एका बाजूला मोजके ट्रे, त्यांना ती रोज झारीने पोटभर पाणी घालायची. दुसरी लांब रांग तहानेची. त्या रांगेवरून ठिबकची नळी गेलेली, आणि तिचा व्हॉल्व्ह भिंतीपाशी. तो तिने घट्ट बंद केला. माळ्याला सांगून ठेवलं. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून चुकूनही कुणी उघडू नये यासाठी व्हॉल्व्हचा दांडाच काढून ड्रॉवरमध्ये टाकला. शेवटी नळवाल्याची लेक. कुलपापेक्षा तिचा भरवसा दांड्यावर. दांडा नसलेला व्हॉल्व्ह उघडायला नेमका त्या मापाचा पाना लागतो, आणि तसला पाना खिशात घालून फिरणारा माणूस अख्ख्या शहरात एकच. तो घरी कोमट पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बसलेला असायचा.

पानं कापायच्या आदल्या दुपारी दादा बाबांना घेऊन काचघरात आला. लेकीची कामाची जागा त्यांनी अजून पाहिली नव्हती, आणि दादाला ती दाखवायची केव्हाची घाई झाली होती. जणू काच त्यानेच बसवली होती. "हे पंखे बघा बाबा, आपोआप सुरू होतात. हा ताप मोजायचा काटा. हिला विचारल्याशिवाय इथे माशीसुद्धा आत येत नाही."

"दादा, गप्प बस ना," भिंगरी म्हणाली. "बाबा, इथे बसा स्टुलावर. मी रस्त्यापलीकडे पेशी बघून येते. आलेच."

पण रुग्णालयात काम लांबलं. मधेच दादाचा फोन आला, की एका घरची टाकी भरून वाहतेय म्हणून तो मध्ये जाऊन आला आणि आता बाबांना घेऊन घरी निघालाय. ती म्हणाली, बरं, मीही इथूनच परस्पर घरी येते.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. बाबा त्या दिवशी वेगळेच दिसत होते. ताठ बसले होते. आईने वाढायच्या आधीच त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला.

"तुझा तो व्हॉल्व्ह चालू करून आलोय," ते म्हणाले.

भिंगरीचा घास हातातच राहिला. "कुठला?"

"काचघरातला. दांडाच गायब होता. कुणीतरी तोडून नेला असणार. आणि रोपांनी माना टाकलेल्या. तू तहानलेली ठेवतेस हे मला माहीत आहे. पण तहान वेगळी आणि मरण वेगळं, एवढं कळतं मला. म्हटलं, नळ बिघडलाय आणि पोरीला पत्ताच नाही. सकाळी येऊन बघेल तर सगळं मेलेलं. दादा तर टाकीकडे गेलेला." त्यांनी उजवा हात वर केला आणि हळूहळू मिटला. मूठ पुरती वळली नाही, पण वळली. "पाना धरला. जाम होता, तरी फिरवला. पुरता उघडला. पाणी आलं तेव्हा जी काही फुर्रर्र करून हवा सुटली ना, किती दिवसांनी ऐकला तो आवाज."

आईने पदराने डोळे टिपले. दादाचं तोंड उघडंच राहिलं, कारण त्याला कळलं होतं. भिंगरीने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

"हात दुखला नाही ना बाबा?" तिने विचारलं.

"दुखला. पण बरा दुखला."

ती उठली. म्हणाली, चष्मा प्रयोगशाळेत राहिला. तो तिच्या नाकावर होता. बाबा ताटाकडे बघत होते म्हणून निभावलं. दादाने गाडी काढली.

काचघरात दिवे लागलेले होते. आत शिरताच ओल्या मातीचा वास आला. रोपं टरारून उभी होती. दुपारी जी पानं कागदासारखी लोंबत होती, ती आता हात पसरून उभी. जगातल्या कुठल्याही माणसाला तो देखावा बघून आनंद झाला असता. भिंगरी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. पाणी मिळालं की ते संप्रेरक काही तासांत उतरायला लागतं. सकाळपर्यंत या पानांत सांगण्यासारखं काही राहणार नव्हतं.

"आपण पुन्हा सुकवू," दादा म्हणाला. "पंखे लावू. मी घरून मोठा पंखा आणतो."

"भिजलेले कपडे आहेत का ते, दादा?"

दादा ड्रॉवरमधला दांडा घेऊन व्हॉल्व्ह बंद करायला गेला, आणि सवयीप्रमाणे नळीवर टिचक्या मारत रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे तो थांबला. वाकला. पुन्हा टिचकी मारली.

"भिंगरे, इकडे ये."

"काय?"

"ये तर."

रांगेच्या अगदी शेवटी, दाराजवळच्या कोपऱ्यात, काही ट्रे कोरडे ठणठणीत होते. रोपांच्या माना खाली. माती भेगाळलेली. दादाने नळीवरची बारीक तोटी उपटून तिच्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या क्षाराने तिचं तोंड लिंपून गेलं होतं.

"बुजल्यात. इथल्या सगळ्या तोट्या बुजल्यात. पाणी इथवर पोचलंच नाही. किती वेळा म्हणालो तुला, ही नळी साफ करून देतो. तू म्हणायचीस, बघू नंतर. घे. तुझा आळस फळाला आला."

भिंगरीने मातीत बोट खुपसलं. मग दुसऱ्या ट्रेमध्ये. मग तिसऱ्यात. मग तिने दादाच्या खांद्याला कपाळ टेकलं. दादा सांगतो की तेव्हा ती रडली. ती म्हणते, घाम पुसला.

"एवढ्यात भागेल?" त्याने विचारलं.

"अर्कापुरतं निघेल. जेमतेम."

"झालं तर मग. हीच पानं काप. बाकीची कुंडी-बिंडीत लावून टाक. बाबांचं नाव नको, नळाचं नको. कुणाला काय कळणार आहे?"

भिंगरी दिव्याखाली उभ्या असलेल्या त्या टरारलेल्या रोपांकडे बघत राहिली. "मला कळलंय ना," ती म्हणाली. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी फिरलं. भिंगरीच ती. "दादा, ही पण कापते."

"ती कशाला? ती तर पाणी पिऊन बसलीत."

"म्हणूनच. मॅडमनी मला मागेच विचारलं होतं, तहानेने पानात शंभर गोष्टी बदलतात, मग शांत करणारी गोष्ट तीच कशावरून? आता बघ. ही रोपं आणि ती रोपं एकाच दिवशी लावलेली. सारखीच तहानलेली. दुपारपर्यंत सख्खी भावंडं. फरक एवढाच की यांना बाबा भेटले, त्यांना नाही भेटले. पाणी मिळाल्यावर लवकर उतरणाऱ्या गोष्टींत ते संप्रेरक येतं. यांच्या अर्काने पेशी शांत झाल्या नाहीत आणि त्यांच्या अर्काने झाल्या, तर काहीतरी बोलता येईल."

दादाला यातलं अर्धं कळलं. पण अर्धं तरी कळलं, हे लक्षात घ्या. कुणाचा भाऊ आहे.

सकाळी तिने पहिलं काम काय केलं असेल तर मॅडमना सगळं सांगितलं. वडिलांनी व्हॉल्व्ह उघडला, इथपासून. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुझे वडील प्लंबर आहेत हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या काचघरात येऊन काम करून जातील, असं वाटलं नव्हतं. काप. नेहमी पाण्यावरची धरून तिन्ही काप. वेगवेगळ्या बाटल्यांत भर."

पानं कापली, वाळवून सारख्या वजनाची घेतली, अर्क काढले. रस्त्यापलीकडे पेशी वाट बघत होत्या. त्यांना आधी जंतूच्या सालीचा कण दाखवून चिडवायचं असतं, म्हणजे त्या सूज आणणारे निरोप सोडायला लागतात. मग त्यांच्यावर अर्क घालायचा आणि थांबायचं. शेवटी त्या निरोपांना रंग चढवतात. जितके निरोप जास्त, तितका रंग गडद पिवळा.

रंग चढायच्या दिवशी दादा रुग्णालयाच्या दाराबाहेर बसून होता. आत जाऊ देत नाहीत म्हणून. चौकीदाराला एव्हाना त्याने भिंगरीची सगळी कुंडली ऐकवली होती. चौकीदार म्हणाला, "मग तुम्ही काय शिकलात?" दादा म्हणाला, "मी तिला शिकवलं." म्हणजे सायकल. पण ते त्याने सांगितलं नाही.

आत भिंगरी प्लॅस्टिकच्या लहान ताटलीवर वाकली होती. ताटलीत खळग्यांच्या रांगा. नुसत्या चिडवलेल्या पेशींची रांग पिवळीधमक. नेहमी पाणी पिणाऱ्या रोपांची रांग तशीच पिवळी. ज्यांना बाबा भेटले होते, त्या रोपांची रांगही जवळजवळ तितकीच पिवळी. आणि शेवटी, दाराजवळच्या कोपऱ्यातल्या, बुजलेल्या तोट्यांखालच्या रोपांची रांग. ती फिकी होती. पांढरी नव्हती, हे ती आजही प्रत्येकाला बजावून सांगते. फिकी होती. पण इतकी फिकी की मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

समितीपुढे ती उभी राहिली तेव्हा एका टक्कलवाल्या सरांनी विचारलं, "हा पुन्हा पाणी दिलेला गट तुम्ही आधी ठरवला नव्हता?"

"नाही सर. ती चूक होती."

"कोणाची?"

"माझी. मी दांडा काढून ठेवला आणि घरी सांगितलं नाही. माझे वडील नळाचं काम करतात. त्यांना बंद व्हॉल्व्ह बघवत नाही."

सर हसले. टिंगलीचं हसणं नव्हतं. म्हणाले, "रोपं थोडी आहेत. एवढ्यावर आम्ही काही मान्य करणार नाही."

"मीही करणार नाही सर. ही नुसती खूण आहे, पुरावा नाही. मला पुन्हा करू द्या. या वेळी ठरवून, पुरेशी रोपं घेऊन."

त्यांनी करू दिलं. मॅडमच्या जागी येणाऱ्या नव्या सरांच्या हाताखाली काम पुढे चालू राहील, असं ठरलं. ही बातमी दादाने कशी पसरवली ते सांगत बसलो तर दिवस मावळेल. एवढंच सांगतो, की शिंपीणबाईंनी या वेळी पानं मागितली नाहीत. दादाने त्यांना स्वतः सांगितलं, "मावशी, अजून बशीत आहे. पण बशी निवायला लागलीय."

एक काम मात्र राहिलं होतं, आणि ते भिंगरीला समितीपेक्षा अवघड गेलं. काचघरातल्या त्या दुपारपासून बाबा खुशीत होते. आल्यागेल्याला सांगायचे, पोरीची बाग वाचवली. सकाळी बोटं शेकून झाली की तो पाना काढून तळहातावर उलटासुलटा करायचे.

एका सकाळी ती कोमट पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर बसली. त्यांचे हात आपल्या हातात घेऊन पाण्यात धरले आणि पेरं हळूहळू चोळायला लागली.

"बाबा, ती रोपं मरणार नव्हती."

"कुठली?"

"तुम्ही पाणी दिलंत ती. दांडा मीच काढला होता. तेवढीच तहान मला हवी होती."

बाबांनी मान वर केली. "म्हणजे मी घोळ घातला."

"हो."

"मोठा?"

"मोठाच. जाता जाता वाचलं. कोपऱ्यातल्या तोट्या बुजल्या होत्या म्हणून."

"मग जेवताना बोलली का नाहीस?"

"तुम्ही मूठ मिटून दाखवत होतात ना."

बाबांनी हात पाण्यातून काढले आणि टॉवेलाला पुसले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते तिला नीट वाचता येईना. मग ते म्हणाले, "आणि ते तुझं, पेशी शांत करणारं. या बोटांना कधी?"

"माहीत नाही बाबा. तुमच्या बोटांपर्यंत पोचेलच असं नाही. खोटं नाही सांगत."

"नको सांगू. खोटं सांगायला घरात एक आहे." बाहेर जिन्यावर उभा असलेला दादा खोकला.

"आता तोच घोळ मला पुन्हा घालायचाय," ती म्हणाली. "नीट, ठरवून. अर्ध्या रोपांना ठरलेल्या वेळी पाणी सोडायचं. व्हॉल्व्ह सावकाश उघडावा लागतो, एकदम सोडला की माती वाहून जाते. मला ते जमत नाही. दादाला घाई असते."

"एखाद्या माळ्याला सांग."

"माळ्याच्या खिशात पाना नाही."

तर पुढच्या खेपेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून काचघरात आले. बटणं आईने लावली होती. या वेळी नळी दादाने साफ करून दिली होती, तिला दोन वेगवेगळ्या फांद्या पाडल्या होत्या, आणि प्रत्येक तोटीतून सुईएवढी धार येते की नाही हे तपासून बघितलं होतं. रोपं कोमेजून खाली झुकली होती. बाबांना ती बघवेनात. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, पाना व्हॉल्व्हला लावला आणि उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच एका कोरड्या नळापुढे हा माणूस हात न हलवता उभा होता.

भिंगरी ट्रेच्या रांगेतून वाकून एकेक पान बघत होती. दादा दारात उभा राहून श्वास धरून होता, आणि एक शब्दही बोलत नव्हता, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट.

"झालं का पोरी?" बाबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"थांबा बाबा."

"बिचारी फार तहानली असतील गं."

"हो बाबा. अजून थोडं."

बाबा थांबले. सुजलेली बोटं पान्यावर गच्च धरून, लेकीच्या शब्दाची वाट बघत.